शर्यतीचा छकडा : घडण, पूर्वपीठिका आणि अर्धा पुरावा

[१] प्रास्ताविक

संशोधनपर त्रैमासिकांत शर्यतीच्या गाडीस जागा कां द्यावी, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत उद्भवेल. सनदा, महजर, शकावल्या आणि ताम्रपट यांच्या पंक्तीस छकडा आणून बसविणें कांहींसें धाडसाचें आहे, हें मी जाणून आहें. परंतु जी वस्तु आपल्या डोळ्यांसमोर आहे तिची नोंद करण्याचें काम पुढच्या पिढीवर ढकललें म्हणजे त्या पिढीस वस्तुहि मिळत नाहीं आणि नोंदहि मिळत नाहीं, असा अनुभव आपण पुष्कळदां घेतला आहे. शिवाय या विषयांत प्रस्तुत लेखकाकडून एक चूक घडलेली आहे. ती दुरुस्त करणें हाहि या लेखाचा एक हेतु आहे.

चूक ती अशी. बैलगाडीच्या शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत पेण व रोहें या तालुक्यांतील कांहीं शेतकरी मंडळी मजकडे आली. त्यांपैकीं दोघे माझे जुने विद्यार्थी. "गुरुजी, शर्यत ही आपल्या पूर्वजांपासूनची आहे असें संस्कृतांत कोठें लिहिलें असेल तर काढून द्या, अर्जास जोडावयाचें आहे," असें त्यांचें म्हणणें. मीं ऐतरेय ब्राह्मणांतील देवांच्या शर्यतीची कथा काढून दिली. मंडळी संतुष्ट होऊन गेली. ग्रंथ खरा, कथा खरी, मीं केलेला अर्थहि खरा. परंतु त्या कथेचा उत्तरार्ध मीं दिला नाहीं, कारण तो अर्जास प्रतिकूल होता. आयुष्यभर मुलांकडून श्लोकाचे चारी चरण म्हणवून घेणाऱ्या मास्तरानें दोनच चरणांवर काम भागवावें, हें बरें झालें नाहीं.

[२] वैदिक 'आजि'

वैदिक वाङ्मयांत शर्यतीस 'आजि' असा शब्द आहे. धांवेच्या खुणेस 'काष्ठा' किंवा 'कार्ष्मन्' म्हणत, आणि जिंकणाऱ्यास मिळे तें 'धन'. या विषयाचे तीन उल्लेख आपल्या प्रस्तुत विचारास उपयोगी आहेत.

पहिला ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०२ व्या सूक्ताचा. हें मुद्गलाचें सूक्त. यास्काचार्य निरुक्ताच्या नवव्या अध्यायांत सांगतात कीं, मुद्गल भार्म्यश्व या ऋषीनें बैल आणि द्रुघण जोडून आजि जिंकली. द्रुघण म्हणजे लांकडी दांडका किंवा मोगर. सायणाचार्यांनीं दिलेल्या आख्यायिकेप्रमाणें चोरांनीं मुद्गलाचीं गुरें नेलीं आणि एक म्हातारा बैल तेवढा मागें राहिला. जुवाची दुसरी बाजू रिकामी. तेथें त्यानें द्रुघण अडकविला आणि निघाला. सूक्तांत रथ हांकणारी मुद्गलानी आहे. या सूक्ताच्या अर्थाविषयीं गेल्डनर, ओल्डेनबर्ग प्रभृति पंडितांत एकमत नाहीं. कोणी ही शर्यत मानतात, कोणी गोधनासाठीं झालेली झुंज. तें कसेंहि असो. घरीं उरलेल्या सामानांतून, शिरस्ता सोडून जुळविलेल्या चढाओढीच्या गाडीचें याहून जुनें वर्णन माझ्या वाचनांत नाहीं.

दुसरा उल्लेख वाजपेय यज्ञाचा. त्यांत सतरा रथ धांवतात, सतरा दुंदुभि वाजतात, आणि सतरा बाणांच्या टप्प्यांवर उंबराची काष्ठा रोवलेली असते. तिला वळसा घालून रथ परत फिरतात. इकडे ब्रह्मा नांवाचा ऋत्विज खांबावर बसविलेल्या रथचक्रावर बसून साम गातो व तें चक्र फिरविलें जातें. यजमानाचा विजय अगोदरच ठरलेला असल्यामुळें ही शर्यत खरी नव्हे, शर्यतीचें रूप होय. परंतु ज्याचें रूप करावयाचें तें मूळ लोकांत चांगलें रुळलेलें असावें लागतें, एवढें अनुमान त्यावरून काढतां येतें.

तिसरा उल्लेख ऐतरेय ब्राह्मणाच्या चौथ्या पंचिकेंतला. प्रजापतीची कन्या सूर्या सोमास द्यावयाची होती. त्या प्रसंगीं सहस्र ऋचांचें शस्त्र कोणाचें, याचा निकाल लावण्यासाठीं देव धांवले. गार्हपत्य अग्नीपासून निघावयाचें आणि आदित्य ही काष्ठा. अग्नीनें खेचरींचा रथ जोडला, उषेनें तांबड्या गाईंचा, इंद्रानें घोड्यांचा आणि अश्विनीकुमारांनीं गाढवांचा. जिंकले अश्विनीकुमार. इतकें मीं माझ्या विद्यार्थ्यांना लिहून दिलें होतें.

उत्तरार्ध असा. ब्राह्मणकार लागलीच प्रत्येक जनावराचा हिशेब देतो. अग्नीनें हांकतां हांकतां खेचरींचीं गर्भस्थानें जाळलीं, म्हणून त्यांना गर्भ राहात नाहीं. आणि ज्या गाढवांनीं शर्यत जिंकून दिली त्यांचा वेग त्याच धांवेंत सरला, दूध आटलें. म्हणून सर्व वाहनांत आज गाढव मंद आहे. अश्विनांनीं त्याचें रेतोवीर्य तेवढें हरण केलें नाहीं. विजय रथांत बसलेल्यांना मिळाला आणि किंमत जुंपलेल्यांनीं दिली, ही गोष्ट शर्यतीच्या आद्य वृत्तांतांतच नमूद आहे.

[३] शब्द काय सांगतात

आतां प्रश्न असा कीं, या आजीपासून रायगड जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या शर्यतीपर्यंत परंपरा अखंड आहे, असें म्हणतां येईल काय? कागद नसतील तेथें शब्दांची साक्ष काढावी लागते.

प्रथम गाडीचे शब्द घेऊं. संस्कृत 'युग' प्राकृतांत 'जुअ' होऊन मराठींत 'जू' झाला. 'धुर्' पासून 'धुरा'. चाकाचा 'अर' तो आपला 'आरा'. 'अक्ष' शब्दाचा 'आस' झाला. ऋक्षाचा 'रीस' आणि मक्षिकेची 'माशी' होते तशीच ही वाट. जुवाच्या खुंट्यांस आपण 'शिवळ' म्हणतों. तिचें मूळ 'शम्या' आणि प्राकृत 'समिला' यांत आहे. रथाच्या दांडीस 'ईषा' म्हणत. ती गाडींतून गेली, पण नांगरांत टिकली, कारण 'हलीषा' म्हणजेच शेतकऱ्याचें 'हळस'. 'छकडा' हा 'शकट' शब्दाच्या कुळांतला, आणि 'गाडी' या शब्दाचें पूर्वरूप 'गड्डी' हेमचंद्राच्या देशीनाममालेंत, म्हणजे बाराव्या शतकांत, सांपडतें.

उलट शर्यतीचे शब्द पाहा. 'आजि', 'काष्ठा', 'कार्ष्मन्' यांचा मराठींत एकहि वंशज नाहीं. 'शर्यत' हा शब्द अरबी 'शर्त', म्हणजे करार किंवा अट, यावरून आला. पैज लावणें हा त्याचा जुना भाव. यावरून मराठी मुलखांत मध्यंतरीं शर्यती नव्हत्या असें म्हणणें धाष्टर्याचें होईल. शब्द मेला म्हणून वस्तु मेली असें होत नाहीं. परंतु एवढें स्पष्ट दिसतें कीं, अखंड परंपरेचा पुरावा ज्याला पाहिजे त्यानें तो सुताराच्या कारखान्यांत शोधावा. खेळाची परंपरा शब्दांवरून सिद्ध होत नाहीं, कारागिरीची होते.

[४] वस्तूंचा पुरावा

कारागिरीविषयीं दोन साधनें मोलाचीं आहेत. एक आपस्तंब शुल्बसूत्र. त्यांत रथाचीं मापें दिलीं आहेत : ईषा १८८ अंगुळें, अक्ष १०४ आणि युग ८६. अंगुळ सुमारें पाऊण इंचाचें धरलें तर आस साडेसहा फूट, जू पांच फूट साडेचार इंच आणि दांडी पावणेबारा फूट होते. जुवाहून आस साडेतेरा इंचांनीं लांब, ही बाब लक्षांत ठेवण्यासारखी आहे. चाकांमधील अंतर जितकें अधिक तितका वळणावर कलंडण्याचा संभव कमी. काष्ठेस वळसा घालावयाचा असे तेथें या रुंदीचा उपयोग उघड आहे. वेदीचीं मापें रथाच्या मापांनीं सांगावीत, यावरून रथकारांचीं मापें किती ठाम असलीं पाहिजेत हें कळून येईल.

दुसरें साधन दायमाबादचें. अहमदनगर, हल्लींच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील प्रवरेच्या कांठीं असलेल्या या स्थळीं १९७४ सालीं चार धातुमूर्ति निघाल्या : हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैलांची गाडी. चारींचें मिळून वजन साठ किलोहून अधिक. गाडी ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद असून हांकणारा तींत उभा आहे. तिला साटा म्हणण्याजोगा नाहीं. दोन चाकें, लांब दांडी, जू आणि उभें राहण्यापुरती जागा. कांहीं विद्वान् या मूर्ति ख्रिस्तपूर्व २००० च्या सुमाराच्या मानतात. धातूंत सोमलाचें प्रमाण जास्त असल्यावरून इतरांनीं त्या काळाविषयीं शंका घेतली आहे. तो वाद तज्ज्ञांवर सोडूं. मात्र छायाचित्र पाहतांच शर्यतींतल्या छकड्याची आठवण झाल्याशिवाय राहात नाहीं. अशा आठवणीस पुरावा समजण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. मूर्ति गाडी दाखविते. ती शर्यतीची कीं मिरवणुकीची, हें मूर्ति सांगत नाहीं.

यानंतर गाडीच्या इतिहासांत मोठा पालट झाला तो एकोणिसाव्या शतकांत. देशावर भरीव चाकांचे जड गाडे होते. ते ओढण्यास अनेक बैल लागत. इंदापूर भागांतील महसुली पाहणीवर असलेल्या लेफ्टनंट गेसफर्ड यानें १८३० नंतरच्या दशकांत आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी तयार करविली व सोलापूर जिल्ह्यांत टेंभुर्णी येथें तिचा कारखाना घातला. एका जोडीनें ओढली जाणारी गाडी शेतकऱ्याच्या आवाक्यांत आली. त्याच सुमारास, १८३० सालीं, बोरघाटाचा रस्ता चाकाच्या वाहनांस खुला झाला. तोंपर्यंत घाटावरून कोंकणांत उतरणारा माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून उतरे. खोपोलीवरून पेणेस आणि तेथून अंतोऱ्याच्या बंदरास जाणाऱ्या मालाच्या दृष्टीनें या दोन गोष्टींचें महत्त्व किती, हें सांगावयास नको. रिकामी हलकी गाडी, तरणी जोडी आणि मोकळा रस्ता, एवढें जुळल्यावर दोन गाडीवानांमध्यें चढाओढ लागावयास तिसऱ्या कारणाची जरूर नसते. आजच्या शर्यतीच्या गाडीची थेट पूर्वज शोधावयाची झाल्यास ती मुद्गलाच्या रथापेक्षां या गाडींत सांपडण्याचा संभव अधिक, असें माझें मत आहे.

[५] शर्यतीचे प्रकार व छकड्याची घडण

महाराष्ट्रांत शर्यत एकाच जातीची नाहीं. पुणें जिल्ह्यांत खेड, जुन्नर, आंबेगांव या तालुक्यांत चढावाच्या धांवपट्टीस 'घाट' म्हणतात. एका वेळीं एकच बैलगाडा सुटतो; चार बैल आणि पुढें घोडी; वेळ सेकंदांत मोजतात. सातारा-सांगलीकडे बरोबरीनें गाड्या सोडून गट पाडतात व गटांतील विजेत्यांची शेवटीं पुनः शर्यत होते. विदर्भांत 'शंकरपट' किंवा नुसता 'पट'. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचा पट प्रसिद्ध आहे. आमच्या रायगड जिल्ह्यांत अलिबागच्या बाजूस समुद्रकांठीं शर्यती होतात. ओहोटीनें उघडी पडलेली ओली पुळण घट्ट असते, तीच धांवपट्टी. भरती आली कीं शर्यत संपली.

घड्याळाविरुद्ध एकट्यानें धांवण्याची खेड-जुन्नरची ही रीत परदेशांतील मोटारींच्या शर्यतींतहि आढळते. विलायतेंत शेल्सली वॉल्श येथील टेंकडीवर १९०५ सालापासून मोटारी एकेक करून चढणीवर सोडतात. तेथील अंतर पुढें १००० यार्ड ठरलें. तेथील हौशी मंडळीहि कारखान्यांतील गाडीवर संतुष्ट नसत. १९४६ सालीं जॉन कूपर यानें दोन लहान फियाट गाड्यांचे पुढचे भाग एकमेकांस जोडले, त्यांत मोटारसायकलचें ५०० घनसेंटिमीटरचें इंजिन मागें बसविलें आणि शर्यतीची गाडी उभी केली. पुढें त्याच घराण्याच्या गाड्यांनीं १९५९ व १९६० सालीं जगज्जेतेपद मिळविलें. मुद्गलाच्या द्रुघणास हा अर्वाचीन सजातीय होय.

आमच्याकडील हौशी कारागिराची बुद्धिहि याच वळणाची आहे. रोहें तालुक्यांतील एका वृद्ध सुताराजवळ बसून मीं छकड्याची घडण समजून घेतली. त्याचें सार असें. शेतकामाच्या गाडीचा साटा काढून टाकावयाचा. हांकणाऱ्यास पाय रोवण्यापुरती फळी ठेवावयाची. जें वजन उरतें त्याचा तोल आसाच्या किंचित् पुढें यावा. तोल मागें गेला तर गाडी 'उलाळ' होते, जू वर उचललें जाऊन बैलांच्या गळ्यास जुपण्या काचतात. तोल फार पुढें आला तर गाडी 'धुरजड' होते आणि सगळा भार मानेवर येतो. हांकणारा स्वतःच गाडींतील सर्वांत मोठें वजन असल्यामुळें तो पाऊलभर पुढें-मागें सरकला तरी तोल बदलतो. म्हणून फळीची जागा हांकणाऱ्यास उभें करून ठरवावयाची. कागदावर ती ठरत नाहीं.

चाकाचें शास्त्र निराळें. अरुंद लोखंडी धांव कठीण रस्त्यावर चांगली. पण पुळणींत ती रुतते, म्हणून तेथें रुंद चाक पाहिजे. लांकडी आसावर वंगण कितीहि घातलें तरी घर्षण राहतें. पुढें लोखंडी आस आला आणि आतां यंत्रांतल्यासारखे गोळ्यांचे बेअरिंग बसवितात. गाडी त्यामुळें हलकी चालते, परंतु सुतार म्हणाला तें येथें नमूद करण्याजोगें आहे : "पूर्वीं गाडीच बैलाला आवरायची. आतां गाडी आवरत नाहीं. आवरायचें तें माणसानें." बेअरिंग बसलेल्या छकड्यास उतारावर वा वळणावर स्वतःचा अटकाव नसतो, बैल थांबूं लागला तरी गाडी मागून त्यास ढकलीत राहते. गाडी सुधारली म्हणजे जनावराचा त्रास कमी होतो असें सरसकट मानतां येत नाहीं, हें त्या एका वाक्यानें मला उमगलें.

बोलतांना त्या वृद्धानें जू, शिवळ, आरा, आस, धुरा हे शब्द सहज उच्चारले. आपण ते व्युत्पत्तिकोशांत हुडकतों. त्याचे मुलगे मात्र दारें-खिडक्यांच्या धंद्यास लागले आहेत, आणि त्याचा लांकडी गज भिंतीस टेकलेला आहे.

[६] बंदी, निवाडा आणि आपलें काम

शर्यतींविषयीं झालेला कायदेशीर इतिहास थोडक्यांत असा. ११ जुलै २०११ रोजीं केंद्र सरकारनें ज्यांचें प्रदर्शन वा खेळ करण्यास मनाई आहे अशा प्राण्यांच्या यादींत वळू व बैल यांचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जल्लिकट्टु आणि बैलगाडी शर्यती या दोहोंवर बंदीचा निर्णय दिला. बैल हा ओझें ओढणारा प्राणी असून शर्यतीच्या धांवेसाठीं त्याची शरीररचना नाहीं, हा त्यांतील एक मुद्दा. महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून नियम केले. धांवेचें अंतर एक हजार मीटरपर्यंत आणि हांकणाऱ्याच्या हातीं काठी वा चाबूक नाहीं, अशी त्यांतील तजवीज. त्या नियमांखालीं शर्यती घेण्यास मुंबई उच्च न्यायालयानें मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें तामिळनाडु, कर्नाटक व महाराष्ट्र या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

या शेवटच्या निवाड्यांतील एक भाग आपल्या वर्गास विशेष लागू आहे. जल्लिकट्टु हा त्या प्रांताच्या संस्कृतीचा अविभाज्य भाग आहे कीं नाहीं, याचा निर्णय सखोल ऐतिहासिक व सामाजिक अभ्यासानेंच होईल आणि तें काम न्यायालयाचें नव्हे, अशा आशयाचें मत घटनापीठानें व्यक्त केलें. विधिमंडळानें मानलें तें त्यानें मान्य केलें. म्हणजे प्राचीनतेचा प्रश्न सुटलेला नाहीं. तो अभ्यासकांच्या दारीं परत आला आहे. बैलगाडी शर्यतीसहि हेंच लागू पडतें. अशा वेळीं आपण प्रत्येक पक्षास त्याच्या सोयीचा श्लोक काढून देऊं लागलों, तर आपल्यांत व भाड्यानें साक्ष देणाऱ्यांत भेद तो काय राहिला?

म्हणून माझ्या चुकीची दुरुस्ती पुढीलप्रमाणें. वैदिक काळीं शर्यत होती, हें सिद्ध आहे. ती मुख्यतः घोड्यांच्या रथांची होती. बैल, खेचरें व गाढवें हे कथांतील अपवाद. मराठी मुलखांत बैलांची गाडी फार प्राचीन आहे आणि तिच्या अंगांचीं नांवें अखंड चालत आलीं आहेत, हेंहि सिद्ध आहे. परंतु आजची बैलगाडी शर्यत त्या आजीची सरळ वारस आहे, हें सिद्ध नाहीं. शर्यत जुनी ठरली तरी तेवढ्यानें ती निर्दोष ठरत नाहीं, आणि नवी ठरली तरी तेवढ्यानें त्याज्य ठरत नाहीं. आणि प्राचीन ग्रंथाचा आधार घ्यावयाचाच असेल, तर त्यांतील जनावराचा हिशेब वगळून घेतां येत नाहीं.

परवानगी मिळाल्यानंतर माझे ते दोन विद्यार्थी पेढे घेऊन आले, तेव्हां मीं त्यांना ऐतरेयाचा राहिलेला भाग वाचून अर्थ सांगितला. मला वाटलें होतें, ते रुष्ट होतील. त्यांतील थोरला कांहीं वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "गुरुजी, दमलेला बैल गाडीला जुंपूं नये हें आम्हांला बापानें शिकवलें. तें ग्रंथांतहि आहे, हें तेव्हांच सांगायला हवें होतें." यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

[७] संग्राहकांस विनंति

आतां शेवटची विनंति हस्तलिखितांच्या व जुन्या वस्तूंच्या संग्राहकांस. शर्यतींच्या छापील जाहिराती, बक्षिसांच्या याद्या, गांवजत्रांच्या खर्चाच्या चोपड्या, बैलांच्या खरेदीच्या पावत्या, गाडीवर केलेल्या बदलांचीं रेखाटणें, सुतारांचे गज व सांचे, हीं सर्व साधनें आज रद्दींत आणि चुलींत जात आहेत. मोडींतील जमाखर्चांत 'शर्यत', 'पट', 'छकडा', 'गाडा' हे शब्द आढळल्यास तो कागद तारखेसह नकलून ठेवावा. पेशवाईंतील वा तत्पूर्वींचा एक निर्विवाद उल्लेख मिळाला, तर वर मांडलेल्या मताचा मी आनंदानें त्याग करीन. प्रत्येक तालुक्यांतील निदान एका छकड्याचीं मापें आसासह, दांडीसह व जुवासह उतरून घ्यावीत. म्हणजे शुल्बसूत्रांतील तीन आंकड्यांशेजारीं मांडावयास आपल्याजवळ आपले तीन आंकडे राहतील.

कोंकण रेल्वेचा आरंभ ज्या रोह्यापासून होतो, त्याच रोह्याच्या आसपास गाडीचा आस घडविणारा हात अद्याप शिल्लक आहे. येत्या पावसाळ्यापूर्वीं त्या वृद्ध सुताराकडे पुनः जाऊन त्याच्या गजावरील खुणा कागदावर उतरून घेण्याचा माझा बेत आहे. ज्या सभासदांस बरोबर यावयाचें असेल, त्यांनीं अवश्य यावें.